आंबट, पण किती?

व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लतेची टक्केवारी बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती वाचणारा माणूस विरळा. चायनीजच्या गाडीवरची हिरव्या मिरच्या बुडवलेली बाटली, म्हापशाच्या बाजारात मिळणारं माडाचं व्हिनेगर आणि वजन उतरेल या आशेनं महागात आणलेलं सफरचंदाचं व्हिनेगर, तिन्ही जिभेला आंबटच लागतात. त्यांतलं कुठलं किती आंबट, हे मात्र जिभेला विचारू नये. चिमूटभर साखर पडली की जीभ फितूर होते. नाकाचंही तेच. बूच काढल्यावर नाकात भसकन गेलेला वास खोलीच्या तापमानावर जितका अवलंबून असतो, तितका आम्लाच्या प्रमाणावर नसतो.

100 मिलिलिटर व्हिनेगरमध्ये किती ग्रॅम ॲसेटिक आम्ल आहे हे अनुमापनानं कसं काढायचं, एवढाच या पुस्तिकेचा विषय. पाठ्यपुस्तकं ‘अनुमापन’ म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे टायट्रेशनच म्हणतात, आणि पुढे मीही दोन्ही शब्द सोयीनं वापरणार आहे. एवढ्याशा कामाला अख्खी पुस्तिका कशाला, असं कुणी विचारेल. बारावीच्या जर्नलमध्ये हा प्रयोग दोन पानांत उरकतो, हे खरं. पण त्या दोन पानांत ‘का’ नसतो. आणि ‘का’ कळला नाही, तर ब्युरेटची तोटी फिरवणारा हात आणि नळाची तोटी फिरवणारा हात यांत फारसा फरक उरत नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो. तो व्हिनेगरपाशीच सुरू होतो. ज्याला पहिलं टायट्रेशन म्हणता येईल असा प्रयोग क्लोद जोफ्रॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1729 मध्ये नोंदवला, तो व्हिनेगरवरचाच. त्यानं मोजलेल्या व्हिनेगरमध्ये पोटॅशिअम कार्बोनेटची पूड थोडी थोडी टाकत नेली आणि फसफस थांबेपर्यंत किती पूड लागली ते पाहिलं. जास्त पूड खाईल ते व्हिनेगर जास्त कडक. ब्युरेट नाही, रंग बदलणारा दर्शक नाही. फसफस संपली की नाही हे डोळ्यांनी आणि कानांनी ठरवायचं. वनस्पतींचे रंग आम्लात आणि अल्कात बदलतात हे तोवर माहीत नव्हतं असं नाही. रॉबर्ट बॉइलनं 1664 मध्येच व्हायोलेट फुलांच्या पाकाचे रंग लिहून ठेवले होते. पण या दोन गोष्टींची गाठ पडायला वेळ लागला. विल्यम लुईसनं 1767 मध्ये पोटॅशची ताकद मोजताना लिटमसचा रंग वापरला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कापड शुभ्र करायच्या धंद्यात क्लोरीनची द्रावणं आली. ती पातळ असली तर कापड पिवळट राहायचं, कडक असली तर विरायचं. त्या गरजेपोटी देक्रुआझी या फ्रेंच माणसानं खुणा केलेली काचनळी वापरात आणली. पुढे गे-ल्युसॅकनं 1824 मध्ये ब्युरेट आणि पिपेट ही नावं रूढ केली आणि 1855 मध्ये जर्मन औषधनिर्माता फ्रिडरिख मोर यानं या पद्धतीचं पाठ्यपुस्तक लिहिलं. मोरच्या ब्युरेटला खाली रबरी नळी आणि चिमटा असायचा. आपण ज्या गुलाबी रंगाला टायट्रेशनची खूण मानतो तो सगळ्यांत उशिरा आला. फिनॉल्फ्थॅलीन हा पदार्थ बायरनं 1871 मध्ये तयार केला आणि दर्शक म्हणून तो 1877 पासून वापरात आला. जाता जाता सांगायचं तर हाच पदार्थ पुढे कित्येक वर्षं जुलाबाच्या गोळ्यांत असायचा.

आता हिशेब. हा भाग घाईनं वाचू नये, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. 10 मिलिलिटर व्हिनेगर पिपेटनं घेऊन 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात ऊर्ध्वपातित पाण्यानं खुणेपर्यंत भरायचं. त्यातलं 10 मिलिलिटर शंकुपात्रात. म्हणजे शंकुपात्रात मूळ व्हिनेगर अवघं 1 मिलिलिटर. ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड. ॲसेटिक आम्लाचा एक रेणू सोडिअम हायड्रॉक्साइडच्या एकाशी जुळतो आणि त्यातून सोडिअम ॲसिटेट व पाणी तयार होतं. ॲसेटिक आम्लाचं रेणुवस्तुमान 60 धरलं, तर ब्युरेटमधलं 1 मिलिलिटर द्रावण 0.006 ग्रॅम आम्ल संपवतं. गुणाकार केला की एक सोपी गोष्ट हाती येते: या बेतानं प्रयोग केला तर ब्युरेटच्या रीडिंगला 0.6 नं गुणलं की थेट टक्केवारी मिळते. रीडिंग 8.3 आलं, तर व्हिनेगर जवळपास 5 टक्क्यांचं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये 100 मिलिलिटरला किमान 3.75 ग्रॅम ॲसेटिक आम्ल हवं. ब्युरेटवर ती सीमारेषा 6.25 ला येते. अमेरिकेत हीच मर्यादा 4 टक्के आहे आणि युरोपात द्राक्षाच्या वाइनपासून केलेल्या व्हिनेगरला 6 टक्के लागतात. ब्युरेटमधून सुटणारा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा, म्हणजे टक्केवारीत 0.03 चा. ब्युरेट, दोन काचेची भांडी आणि एक दर्शक एवढ्या सामानात इतकी बारीक मोजणी होते, यापलीकडे या पद्धतीची वेगळी स्तुती करायची गरज नाही.

‘सामू मोजायचं यंत्र आता हजार-दोन हजारांत मिळतं, ते बुडवलं की झालं,’ असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. नाही होत. ॲसेटिक आम्ल दुबळं आहे. 5 टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये त्याच्या दर दोनशे रेणूंपैकी जेमतेम एक आपला हायड्रोजन आयन मोकळा सोडतो. सामूमापक मोजतो तो फक्त हा मोकळा माल. अशा व्हिनेगरचा सामू 2.4 च्या आसपास येतो. तेच व्हिनेगर दहापट पातळ केलं तर सामू 2.9 च्या पुढेमागे जातो. आम्ल दहाव्या हिश्शावर आलं आणि आकडा हलला तो अर्ध्यानं. सामूमापकावर अशी टक्केवारी काढायला बसलं, तर यंत्रातली लहानशी चूकही उत्तरात मोठी होऊन बसते. टायट्रेशनमध्ये मोकळा आयन संपला की आम्लाचे राहिलेले रेणू पुढचा सोडतात, तो संपला की आणखी. शेवटचा रेणू बाहेर पडेपर्यंत ब्युरेट हटत नाही.

तो शेवट ओळखायचा कसा, यातच दर्शकाची निवड येते आणि परीक्षेत तोंडी प्रश्न हमखास इथेच विचारतात. आम्ल दुबळं आणि अल्क जोमदार, त्यामुळे दोघं नेमके जुळतात तेव्हा द्रावणाचा सामू 7 नसतो, 8.7 च्या आसपास असतो. फिनॉल्फ्थॅलीन 8.2 पासून गुलाबी व्हायला लागतं. वरच्या उदाहरणात 8.28 मिलिलिटरपाशी सामू 7 च्या आसपास असतो आणि दोनच थेंब पुढे 10 च्या वर. मधल्या या उडीमुळेच एका थेंबावर रंग फिरतो. मिथिल ऑरेंज घेतलं तर फजिती होते. त्याचा बदल 4.4 ला पुरा होतो, आणि तिथवर पोचायला आम्लाचा जेमतेम तिसरा हिस्सा संपलेला असतो. 5 टक्क्यांचं व्हिनेगर त्यामुळे दीड टक्क्याचं ठरेल आणि तेही झटक्यानं नाही, रेंगाळत, कारण तिथे सामूला उडीच नसते.

ज्या शाळेत फिनॉल्फ्थॅलीनची बाटली नाही तिथे हळद चालेल का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. चालते. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लागला की डाग लाल होतो, हे घरोघरी पाहिलेलं आहे. हळद आणि चुना यांतून लाल कुंकू होतं, त्यामागचं कारणही हेच. हळदीचा पिवळा रंग सामू साधारण साडेसातच्या पुढे गेला की तांबूस व्हायला लागतो, म्हणजे व्हिनेगरच्या उडीच्या हद्दीतच. स्पिरिटमध्ये हळद भिजवून गाळली की दर्शक तयार. अडचण एकच: बेरंगावर गुलाबी उमटलेला चटकन दिसतो, पिवळ्याचा तांबडा होताना डोळा घुटमळतो. म्हणून हळदीच्या प्रयोगात शेजारी एका पात्रात नुसतं पिवळं द्रावण ठेवून तुलना करावी. जास्वंदीबद्दलही एक प्रकरण आहे, पण ती मुलांच्या हौसेसाठी. मोजमापाला मी तिची शिफारस करणार नाही.

आता ज्यावर सगळ्यांचा भरवसा असतो आणि जे सगळ्यांत कमी भरवशाचं असतं, त्या सोडिअम हायड्रॉक्साइडबद्दल. याच्या पांढऱ्या गोळ्या हवेतली वाफ ओढतात. कोकणातल्या पावसाळ्यात तराजूवर ठेवलेल्या गोळ्या वजन होता होता ओलसर दिसायला लागतात. 4 ग्रॅम मोजून लिटरभर पाण्यात विरघळवले म्हणून द्रावण 0.1 मोलर झालं, असं समजणं ही निव्वळ श्रद्धा झाली. तयार द्रावणही स्वस्थ बसत नाही. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं आणि हळूहळू त्याची ताकद उतरते. बाटलीवर 0.1 लिहिलेलं द्रावण प्रत्यक्षात 0.095 मोलर असेल तर काय होतं पाहा. 3.6 टक्क्यांचं, म्हणजे नियमात न बसणारं व्हिनेगर 6.0 ऐवजी 6.3 मिलिलिटर द्रावण घेतं, हिशेबात 3.79 टक्के येतात आणि नापास माल पास होतो. ब्युरेटनं खोटं सांगितलेलं नसतं. तिच्यात भरलेलं खोटं असतं. म्हणून आधी ऑक्झॅलिक आम्लाशी पडताळणी, मगच व्हिनेगर. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक वजनाला स्थिर असतात. 6.3 ग्रॅम नीट मोजून लिटरभर केले, तर त्याचं 10 मिलिलिटर 0.1 मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडच्या 10 मिलिलिटरला पुरतं. ही पडताळणी ज्या दिवशी प्रयोग त्याच दिवशी करावी. गेल्या महिन्यातली चालत नाही.

टेबलावरच्या बारकाव्यांना पुस्तिकेत दोन प्रकरणं दिली आहेत. इथे त्यांतला एकच घेतो, कारण तो लोकांना उलटा वाटतो. ब्युरेट पाण्यानं धुतल्यावर सोडिअम हायड्रॉक्साइडनं विसळायची, पिपेट पातळ केलेल्या व्हिनेगरनं विसळायची, शंकुपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्यानं. मुलं उत्साहानं शंकुपात्रही व्हिनेगरनं विसळतात. तिथेच चुकतं. ब्युरेटमध्ये राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं, ते नको. शंकुपात्रात राहिलेलं व्हिनेगर मोजलेल्या 10 मिलिलिटरमध्ये भर घालतं, तेही नको. पण शंकुपात्रात राहिलेलं पाणी कुणाचं काही बिघडवत नाही, कारण तिथे आपण आम्लाचे रेणू मोजतो आहोत आणि पाणी घातल्यानं ते वाढत नाहीत. बाजू धुवायला मधूनच पाण्याची पिचकारी मारली तरी चालते, ती याच कारणानं. हे एकदा डोक्यात बसलं की विसळायचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

गुलाबी रंग आला, हलवला, गेला. पुन्हा आला, आणि यावेळी अर्धा मिनिट टिकला. इथे थांबायचं. आणखी मिनिट-दोन मिनिटांनी तोही फिका होईल. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेवढं करतोच, म्हणून घाबरून आणखी थेंब सोडू नये. हवा असतो तो गुलाबीचा भास. गडद राणी रंग म्हणजे गाडी स्टेशन सोडून पुढे गेलेली.

आणि मग येतं सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. महाराष्ट्रात विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला ही तीन अक्षरं ठाऊक आहेत. पायलट रीडिंग झाल्यावर तीन वाचनं घ्यायची आणि जुळलेलं वाचन चौकटीत लिहायचं. जर्नलं तपासताना तीनही वाचनं 8.3, 8.3, 8.3 अशी दिसतात. एका मुलाची नाहीत, अख्ख्या बॅचची. एवढी एकवाक्यता निसर्गात नसते. थेंबाचा आकार, तोटीवरचं बोट, डोळ्याची पातळी यांमुळे दोन-तीन वाचनांत 0.1 चा फरक पडायचाच आणि पडायलाच हवा, कारण त्या फरकावरूनच आपल्या उत्तरावर किती विसंबायचं हे कळतं. 8.3, 8.4, 8.3 लिहिणाऱ्या मुलाला ‘आपलं व्हिनेगर 5.0 टक्के, चूक झाली तर पाच शतांशाच्या आसपास’ असं म्हणता येतं. तीनदा 8.3 खरडणाऱ्याला काहीच म्हणता येत नाही. त्यानं मोजमाप केलेलंच नाही, उतरवलेलं आहे. दोष मुलांचा कमी आणि गुण देण्याच्या रीतीचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. जुळवलेल्या आकड्याला पैकीच्या पैकी आणि खऱ्या आकड्याला ‘पुन्हा करा’ असा न्याय असेल, तर कुठला शहाणा मुलगा खरं लिहील?

टायट्रेशनला काय विचारू नये, हेही इथेच सांगितलेलं बरं. ते ‘किती’ सांगतं, ‘कोणतं’ आणि ‘कुठलं’ सांगत नाही. द्राक्षाच्या व्हिनेगरमध्ये टार्टारिक आम्ल असतं, सफरचंदाच्यात मॅलिक. ब्युरेट सगळ्यांना एकाच मापानं मोजते आणि आपण तो आकडा ‘ॲसेटिक आम्ल म्हणून’ लिहितो. कुणी लबाडीनं गंधकाम्ल घातलं असेल तर तेही त्याच आकड्यात बेमालूम मिसळतं. खनिज आम्लाची तपासणी म्हणून वेगळी करावी लागते. नैसर्गिक आणि कृत्रिम व्हिनेगरमधला फरक तर ब्युरेटच्या आवाक्याबाहेरचाच. कारखान्यातलं जवळपास शुद्ध ॲसेटिक आम्ल 16 ते 17 अंशांच्या खाली गोठतं, पुण्यातल्या थंडीत कधी कधी त्याची बाटली सकाळी दगड झालेली सापडते. ते पाण्यात विरवून केलेलं 4 टक्क्यांचं व्हिनेगर आणि महिनोन्‌महिने मुरलेलं 4 टक्क्यांचं व्हिनेगर ब्युरेटपुढे सारखेच. नियमांनुसार पहिल्यावर ‘कृत्रिम’ असं छापावं लागतं आणि आंबवून केलेल्यात विरघळलेले घनपदार्थ किमान दीड टक्का असावे लागतात. ते पाहायला व्हिनेगर आटवून तळाशी राहिलेल्याचं वजन करतात. खनिज तेलापासून केलेलं आम्ल किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीत पकडता येतं, कारण लाखो वर्षं गाडल्या गेलेल्या तेलात तो उरलेला नसतो. पण आपल्याकडे इथेही गंमत आहे. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल हा मार्ग महाराष्ट्रात जुना आहे. त्या आम्लातला कार्बन कालपरवाच्या उसातलाच. म्हणजे गाडीवरच्या कृत्रिम व्हिनेगरचं मूळही एखाद्या उसाच्या फडात निघू शकतं, आणि ती महागडी चाचणी तिथे गप्प बसते.

ही पुस्तिका केवळ विद्यार्थ्यांसाठी असती तर इथे थांबलो असतो. ती लिहिताना डोळ्यांसमोर दुसरा एक वाचक होता: घरगुती प्रमाणावर व्हिनेगर करून विकणारा. गोव्यात रेंदेर माडावरून सूर उतरवतो. त्या गोड रसातल्या साखरेचं यीस्टमुळे अल्कोहोल होतं. मग हवेवर ठेवलेल्या मडक्यात जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. विंदालू आणि सोरपोतेलला जो आंबटपणा लागतो तो हा. एक ग्रॅम अल्कोहोलमधून फार तर 1.3 ग्रॅम आम्ल निघू शकतं, प्रत्यक्षात त्याहून कमीच. सूर पातळ असली, पावसाचं पाणी शिरलेलं असलं, तर कितीही दिवस थांबलं तरी व्हिनेगर 3.75 ला पोचायचं नाही. उलट अती थांबण्यातही नुकसान आहे. अल्कोहोल संपलं की त्याच जातीचे काही जिवाणू तयार झालेलं आम्लच खायला लागतात आणि त्याचं पाणी व कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. मुरेल तितकं चांगलं, हा समज इथे अंगाशी येतो. अशा माणसानं आठवड्यातून एकदा वाचन घेऊन वहीत लिहिलं, तर आकडा चढताना दिसेल, मग एका जागी रेंगाळेल. तो उतरायच्या आत गाळून, बाटल्या काठोकाठ भरून बूच लावायचं. माडाचं व्हिनेगर गढूळ पांढरट असतं, त्यात गुलाबी दिसतो. गुळाचं किंवा जवाचं तपकिरी व्हिनेगर असेल तर दहापट ऐवजी वीसपट पातळ करावं आणि हिशेबात 0.6 च्या जागी 1.2 धरावं. तरीही रंग दिसेना, तर सामूमापक बुडवून 8.7 ला थांबावं. त्या यंत्राचा खरा उपयोग इथे आहे.

सोडिअम हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा लावा. पिपेट तोंडानं ओढायची जुनी सवय असेल तर ती सोडा, रबरी फुगा वापरा. काम झाल्यावर ब्युरेट लगेच धुवा. रात्रभर द्रावण राहिलं तर काचेची तोटी अशी चिकटते, की ती सोडवताना ब्युरेटच मोडते.

शिक्षकांना एक विनंती. पुस्तिकेच्या अखेरीस नमुन्याचे तक्ते दिले आहेत, त्यांत उत्तराची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. वर्गात व्हिनेगरची टक्केवारी आधी सांगू नका. बाटलीवरचं लेबल काढून टाका आणि ज्याची तीन वाचनं तंतोतंत सारखी येतील, त्याला समोर उभं राहून चौथं घ्यायला सांगा.